मेस्त्रींशिवाय वाळूला हात लावू नये

हंबीररावांना घरातले सगळे मोठे निर्णय सकाळच्या वेळीच सुचत. त्याला कारण होतं. उठल्यापासून देवपूजा आणि माळ पुरी होईपर्यंत त्यांच्या पत्नीचं, क्रांतीबाईंचं, मौन असे. नवी मोटारसायकल, पुतण्याला शिक्षणासाठी घरात ठेवून घेणं, कॉलनीच्या मंडळाचं अध्यक्षपद, असे सगळे ठराव याच वेळात मांडले गेले आणि एकमताने मंजूर झाले.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी हंबीरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उगाच खाकरले, तेव्हाच क्रांतीबाईंनी ओळखलं. हातातली माळ मध्येच थबकली.

"ती बाहीरची वाळू हाय न्हवं आपली," हंबीरराव छताकडे बघत म्हणाले, "ती मंडळाला दिली मी. महोत्सवापुरती. कासव करायचं हाय तिचं. काय म्हणणं असलं तर सांग."

एवढं बोलून ते थोडा वेळ थांबलेसुद्धा. लोकशाही त्यांना मान्य होती. मग टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेले.

क्रांतीबाईंचे वडील लाल बावट्यातले. त्यांनी मोठ्या उमेदीने मुलीचं नाव क्रांती ठेवलं आणि मुलीने मोठ्या उमेदीने सोळा सोमवार धरले. पुढे मंगळवार आला, शुक्रवार आला, एकादशी आणि चतुर्थी तर होत्याच. आवाज इतका मऊ की भाजीवालासुद्धा दोनदा "काय म्हणला?" विचारी. सासर-माहेरच्या भांडखोर माणसांत वावरूनही त्यांनी कधी आवाज चढवला नाही. लोक म्हणत, गरीब गाय. लोकांना काय, गाय गरीब असली की बरंच असतं.

पण वाळूची गोष्ट साधी नव्हती. घरातलं जुनं देवघर ओल येऊन ढासळायला झालं होतं, म्हणून शिवरात्रीनंतर ते पाडून नवं बांधायचं ठरलं. गणपत मेस्त्री नावाच्या गवंड्याने ते एका दिवसात पाडलं. पाडायला गवंडी वेळेवर येतात. विटाही त्याने लगोलग चढवल्या, आणि गिलाव्याच्या आदल्या दिवशी "उद्या येतो" म्हणून तो गेला. त्याचा तो उद्या अजून उजाडला नव्हता. फोन केला की मागून कुठल्यातरी दुसऱ्याच घराच्या बांधकामाचा आवाज येई आणि गणपत म्हणे, "वैनी, तुमच्याकडंच निघालोय."

तोवर देव स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बसले होते. शेजारीच मिक्सर. चटणी वाटायला घेतली की रांगता बाळकृष्ण थरथरत सरकत सरकत जाऊन अन्नपूर्णेला भिडे. क्रांतीबाई मिक्सर थांबवून त्याला परत जागेवर ठेवत, हात जोडत आणि उरलेली चटणी वाटत. शेवटी त्यांना ते सोसेना. अक्षय्य तृतीयेला देव नव्या देवघरात बसतील, आणि बसेपर्यंत आपण चहा घ्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. ज्यांना क्रांतीबाईंचं चहाचं प्रेम ठाऊक होतं, त्यांना यातला त्याग कळला असता. पण त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. व्रत सांगून केलं तर त्याची जाहिरात होते, आणि जाहिरातीचं खातं घरात दुसऱ्याकडे होतं.

गिलाव्याची वाळू मात्र त्यांनी तयार ठेवली होती. घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ढीग होता. रोज दुपारी बसून त्यांनी तो चाळला होता. चाळणीच्या प्रत्येक हिसक्याला एक नाम. खडा म्हणून उरला नव्हता. माणसं मण्यांवर जप करतात, यांनी ट्रॉलीभर वाळूवर केला होता.

आता कासवाचं. हे घर ज्या कॉलनीत होतं, तिचं नाव पंचगंगा दर्शन कॉलनी. तिथल्या एकाही गच्चीवरून पंचगंगा दिसत नाही. महापुरात नदी स्वतः येऊन दर्शन देते, ते वेगळं. कॉलनीचा वसंतोत्सव दरवर्षी अक्षय्य तृतीयेला होई. पूर्वी त्यात आंब्याची डाळ, पन्हं, हळदीकुंकू आणि बायकांच्या रांगोळ्या एवढंच असे आणि कुणाचं काही अडत नसे. पण गेल्या वर्षी शेजारच्या शिवतेज कॉलनीने काश्मीर महोत्सव केला. भर उन्हाळ्यात मंडपात बर्फाच्या लाद्या रचून हिमालय उभा केला. प्रमुख पाहुणे येईपर्यंत हिमालयाचं पाणी झालं आणि लोकांनी त्यात लिंबू पिळून घेतलं. तरी पेपरात फोटो आला. पेपरात फोटो आला म्हटल्यावर हंबीररावांची झोप उडाली.

मग मंडळाची कार्यकारिणी अभ्यासदौऱ्यासाठी मालवणला गेली. तिथे त्यांनी दोन्ही वेळा सुरमईचा अभ्यास केला, पाण्यात पाय सोडून बसले, आणि कोल्हापुरात सगळं आहे, फक्त समुद्राची तेवढी उणीव आहे, या निष्कर्षाला येऊन परतले. ही उणीव दूर करण्यासाठी यंदाच्या उत्सवाचं नाव ठरलं 'सागर वसंत, किनारपट्टी कला महोत्सव'.

तयारी जोरात होती. चित्रकलेच्या दालनात मुलांनी समुद्र काढले होते. बहुतेक समुद्रांच्या मागे दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य होता. एका समुद्रात उसाचा ट्रॅक्टरही होता. मंडळाचे खजिनदार विश्वजित यांचं छायाचित्र प्रदर्शन होतं. त्यातल्या प्रत्येक फोटोत विश्वजित होते आणि जागा उरली तिथे समुद्र होता. बायकांनी कोळीनृत्य बसवलं होतं. त्या "काय गो" असं इतक्या दणक्यात म्हणत की बघणाऱ्याला वाटे, आता भांडण सोडवायला उठावं लागणार.

पण खरा मान वाळूच्या कासवाचा. त्यासाठी वेंगुर्ल्याकडून सगुण मेस्त्री नावाचे कलाकार येणार होते. मेस्त्री हे त्यांचं आडनाव. फोनवर त्यांनी एकच अट घातली होती. "माका बाकी काय नको. वाळू तेवढी बारीक होयी. खडो एक चालाचो नाय." हंबीररावांनी सांगितलं, आमच्याकडं मशीनची वाळू हाय, लागंल तेवढी. तिकडून उत्तर आलं, "ता दगडाचा पीठ. तेचा कासव होवचा नाय." आणि साऱ्या कॉलनीत नदीची, चाळलेली, एकही खडा नसलेली वाळू एकाच ठिकाणी होती.

संध्याकाळी क्रांतीबाईंनी विषय काढला. "अहो, पण मधीच गणपत मेस्त्री आला म्हंजे?"

हंबीरराव मनापासून हसले. "गणपत मेस्त्री? अगं, त्यो यायच्या आधी मालवणचं खरं कासव चालत हितं येईल. महोत्सव झाला की वाळू तुझीच हाय की."

"आणि देव?"

"देव काय म्हणतोय तुला? इतकं दिवस तर गप बसलाय बिचारा."

"बरं," क्रांतीबाई म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'चे पुष्कळ प्रकार होते. हंबीररावांना त्यातला एकच माहीत होता.

वाळू हलवावी लागली नाही. मंडपच वाळूवर येऊन उभा राहिला. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सगुण मेस्त्री आले. बारीक अंगाचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. पिशवीत एक थापी, दोन चमचे, एक रंगाचा ब्रश आणि झाडांवर औषध मारायचा छोटा पंप. त्यांनी ढिगात हात घातला, मूठ उघडून बघितली आणि विचारलं, "ही वाळू कोणी चाळली?"

क्रांतीबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"वैनी, हात देवाचो हा तुमचो," सगुण मेस्त्री म्हणाले.

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यातून तो माणूस काम करू लागला आणि क्रांतीबाईंची पंचाईत वाढली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मंडप समोर दिसे. बघता बघता त्यांच्या नामाच्या ढिगातून बैलगाडीएवढी कासवीण वर आली. पाठीवरची घरं, मानेच्या सुरकुत्या, वल्ह्यासारखे पाय. मागच्या बाजूला खड्ड्यात पांढरा रंग दिलेली वाळूची अंडी. शेवटी मेस्त्रींनी खिशातून दोन कवड्या काढून डोळ्यांच्या जागी बसवल्या. "दर्यातल्यो. घराकडसून हाडलंय," ते म्हणाले. त्या दोन कवड्या थेट स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिल्या. भाकरी थापताना क्रांतीबाईंनी शेवटी पाठ फिरवली.

अंधार पडायच्या आत मेस्त्रींनी कासविणीवर ओली पोती घातली आणि वरून ताडपत्री झाकली. सकाळी येऊन पोत्यांवर पाणी मारायचं, नाहीतर वाळू सुटेल, असं सांगून ते झोपायला विश्वजितांच्या घरी गेले. हंबीररावांनी बंदोबस्त चोख केला. रंगवून पाटी आणली आणि मंडपाच्या तोंडाशी लावली, 'मेस्त्रींशिवाय वाळूला कुणीही हात लावू नये. आदेशावरून, अध्यक्ष.' आणि राखणीला मंडळाचे चिटणीस विजयसिंह यांना नेमलं. विजयसिंह कारखान्यातली रात्रपाळी करून भल्या पहाटे परस्पर मंडपात येणार होते. त्यामुळे कलाकार त्यांनी बघितला नव्हता, पण हुकूम पाठ केला होता. सकाळी मेस्त्री येतील, त्यांना अडवायचं नाही, काय मागतील ते द्यायचं, बाकी कुणी आला तर तंगड्या मोडायच्या.

अक्षय्य तृतीया उजाडली. प्रमुख पाहुण्यांना हायवेवरून वाजतगाजत आणायला मोटारसायकलींची रॅली निघाली. सगुण मेस्त्रींना त्यांच्या मुक्कामावरूनच उचलून, डोक्याला फेटा बांधून, उघड्या जीपमध्ये उभं करण्यात आलं.

"अहो, पण पाणी मारूचा हा," ते म्हणत होते.

"आल्यावर मारा की मेस्त्री," हंबीरराव म्हणाले. "पळून जातंय व्हय कासव?"

रॅली वळणाआड गेली, हलगीचा आवाज लांब गेला, आणि कॉलनीच्या दुसऱ्या तोंडाने एक स्कूटर आत आली. गणपत मेस्त्री चालवत होता आणि मागे त्याची बायको झुंबरबाई घमेलं, फावडं आणि थापी घेऊन बसली होती. तो ज्या बांधकामावर जायचा, तिथे सणाची सुट्टी होती. मोकळा दिवस मिळाल्यामुळे त्याला सगळ्यात जुना शब्द आठवला.

मंडपाच्या तोंडाशी विजयसिंह खुर्चीत पेंगत होते. "कोण पावणं?"

"मेस्त्री."

विजयसिंह खाडकन उभे राहिले. खुर्ची पुढे केली. "या, बसा. तुमचीच वाट बघत होतो."

हे वाक्य गणपतने आयुष्यात पुष्कळ वेळा ऐकलं होतं, पण खुर्ची देऊन म्हटलेलं पहिल्यांदाच. तो बिचकत बसला. चहा आला. झुंबरबाईलाही आला. चहा पिता पिता त्याची नजर पाटीवर गेली. त्याने ती एक-एक अक्षर लावून वाचली आणि कप खाली ठेवला. इतके दिवस आपण या माणसांना तंगवलं, आणि यांनी आपल्या नावाची पाटी लावून वाळू जपून ठेवली. वर मांडव घातला. ताडपत्री झाकली. तो उठला, ताडपत्रीचं मागचं टोक वर केलं, आणि त्याला भरूनच आलं. वाळू भिजवूनसुद्धा ठेवली होती.

पोतं बाजूला सारताच कासविणीचा एक पाय दिसला.

"पोरं बी काय," गणपत म्हणाला. "वाळू दिसली की कायबी करून ठिवत्यात."

विजयसिंहांनी मनातल्या मनात हात जोडले. एवढं मोठं काम केलंय आणि पोरांचा खेळ म्हणतोय. यालाच कलाकार म्हणतात. पण पुढच्याच क्षणी फावडं त्या पायात घुसलं तेव्हा मात्र ते दचकले.

"अहो मेस्त्री, मोडताय व्हय?"

"मग? असं ठिवून काय उपेग?"

विजयसिंहांनी यावर विचार केला. रात्रभर जागलेल्या माणसाला विचार पटकन पटतो. काल केलेलं आज पसंत नसेल. सावलीत नेऊन नव्याने करायचं असेल. काय मागतील ते द्यायचं, असा हुकूम होता, आणि मेस्त्रींनी दुसरं फावडं मागितलं. विजयसिंहांनी आणून दिलं.

हा सगळा प्रकार क्रांतीबाई खिडकीतून बघत होत्या. हातात माळ होती आणि ती अर्ध्यावर होती. पहिलं घमेलं डोक्यावर घेऊन झुंबरबाई अंगणात आली आणि गणपत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आलो बगा वैनी. लई उशीर झाला, पण आज संपवूनच जातो. ह्योच ढीग न्हवं आपला?"

नुसता हात हलवला असता तरी पुरलं असतं. क्रांतीबाईंना ते कळत होतं. मौनात हात हलवायला बंदी नाही. त्यांना तो पांढऱ्या दाढीचा माणूस आठवला. त्याचे चमचे आठवले. देवाचो हात, असं तो म्हणाला होता, ते आठवलं, आणि त्यांचा उजवा हात खरोखरच थोडा वर आला.

मग त्यांची नजर पिठाच्या डब्यावर गेली. पूजा झाल्यावर आंब्याच्या डाळीसाठी मिक्सर लावला होता. बाळकृष्ण सरकून अन्नपूर्णेला टेकला होता आणि गडबडीत त्याला उचलायचं राहून गेलं होतं. तसाच, तोंड भिंतीकडे करून बसला होता.

वाळूचा प्रश्न समोर मांडला गेला होता. काय म्हणणं असलं तर सांग, असं घरच्या कर्त्या माणसानेच सांगून ठेवलं होतं. विरोधात कुणी बोललं नाही. क्रांतीबाईंचा वर आलेला हात दुसऱ्या हाताला जाऊन भिडला आणि त्यांनी डोळे मिटून बाळकृष्णाला नमस्कार केला.

"बरं, बरं," म्हणत गणपत कामाला लागला.

अर्धी राहिलेली माळ पुरी झाली. एरवी यापुढे त्या बोलत. पण आज सणाचा दिवस. आज एक माळ जास्त करावी, असं त्यांना वाटलं. ती झाल्यावर वाटलं, आणखी एक करावी. भक्तीला धरबंध नसतो. आतून थापीचा सपसप आवाज येत होता तोवर क्रांतीबाईंची एकामागून एक माळ चालली होती.

देवघर ते केवढं, कपाटाएवढं. तीन भिंती आणि गुडघ्याएवढा ओटा, तोही आतून वाळूनेच भरायचा. पण गणपतने त्या दिवशी असं काम केलं की झुंबरबाई त्याच्याकडे संशयाने बघू लागली. मध्येच तिने वाळूतून काहीतरी वेचून पदराला पुसलं. "वैनी, बगा तरी. कवड्या घावल्या वाळूत. आईसाबांच्या, देवीच्या. देवघराच्या वाळूत कवड्या घावणं म्हंजे साधं न्हाय." आणि क्रांतीबाई काही करायच्या आत तिने त्या दोन्ही कवड्या देव्हाऱ्याच्या बाजूच्या ओल्या भिंतीत दाबून बसवल्या. क्रांतीबाईंनी बघितलं. काल खिडकीतून बघत होत्या, त्याच. आता अंतर कमी झालं होतं.

पांढरी अंडी गणपतने घेतली नाहीत. रंगाची वाळू गिलाव्याला नको, म्हणाला. उरलेल्या थोड्या वाळूवर त्याने सगळी पोती रचली आणि ताडपत्री नीट झाकली, पुन्हा अशी माणसं भेटत नाहीत म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला ढीग होता तसाच दिसला असता. विजयसिंहांना तर काहीच दिसत नव्हतं, ते झोपले होते. पुरणपोळी खाऊन, "रंगाला उद्या येतो" असं सांगून गणपत गेला.

प्रमुख पाहुणे, रॅलीला हायवेवर ताटकळत ठेवून, ऊन कलल्यावर आले. हलगी, फटाके, फेटे. शिवतेज कॉलनीचे अध्यक्ष मुद्दाम आमंत्रण देऊन बोलावलेले. त्यांना पुढच्या रांगेत, कासव नीट दिसेल असं बसवलं होतं. पाहुण्यांनी दोरी ओढली. ताडपत्री सरकली. खाली पोती निघाली. सगुण मेस्त्रींनी एक पोतं उचललं, खाली पोतं निघालं. तेही उचललं. शेवटच्या पोत्याखाली एक ओला खळगा होता आणि त्याच्या मागच्या टोकाला दहा-बारा पांढरी अंडी.

सगुण मेस्त्री पोतं हातात धरून उभे राहिले. हलगी वाजायची थांबली.

"कासव कुठं हाय हंबीरराव?" शिवतेजचे अध्यक्ष अतिशय गोड आवाजात म्हणाले. "आमचा हिमालय निदान विरघळताना तरी दिसला."

हंबीररावांचा फेटा एकदम घट्ट झाला. "विजयसिंह, कोण आलतं हितं?"

"मेस्त्री आलते की. तुम्हीच सांगितलंतं न्हवं?"

"मेस्त्री सकाळपासनं माझ्या जीपमधी उभा हाय."

विजयसिंहांनी फेटेवाल्या मेस्त्रींकडे बघितलं. मग पाटीकडे बघितलं. सगळ्या कॉलनीने पाटीकडे बघितलं. पाटीत चूक काहीच नव्हती. आदेशाचं तंतोतंत पालन झालं होतं.

हंबीररावांनी सावकाश मान वळवून आपल्या घराकडे बघितलं. दारातून क्रांतीबाई पन्ह्याचं तबक घेऊन येत होत्या. माळा संपल्या होत्या. मौन सुटलं होतं. त्या मंडपात आल्या, खळग्याकडे बघितलं, आणि नेहमीच्याच मऊ आवाजात बोलल्या. कधी नव्हे ते सगळ्यांना ऐकू गेलं, कारण दुसरं कुणीच बोलत नव्हतं.

"कासवीण किनाऱ्याला येती, अंडी घालती आन् निघून जाती. कुणाच्या उद्घाटनासाठी थांबती व्हय ती?"

प्रमुख पाहुण्यांच्या खिशात कासव संवर्धनाचं भाषण होतं. गाडीत तीनदा वाचून झालेलं. ते वाया जातं की काय, या काळजीत उभे असलेले पाहुणे एकदम खुलले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या म्हणून कार्यकारिणीने वाजवल्या. मग पाहुणे बराच वेळ बोलले. आई निघून गेली आहे, आता ही अंडी सांभाळणं आपलं काम आहे, असा त्यातला सूर होता. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शिवतेजचे अध्यक्ष पन्हं न घेताच गेले.

सगुण मेस्त्री तेवढे पोत्यांच्या घड्या घालत राहिले. रात्री त्यांना घरी जेवायला बोलावलं. क्रांतीबाईंना त्यांच्याकडे बघवेना. हात धुऊन मेस्त्री नव्या देवघरापाशी नमस्काराला वाकले. भिंत ओली होती, पाटावर देव बसले होते, बाळकृष्ण मधोमध, आता कुठे सरकायचं कारण नसलेला. वाकलेले मेस्त्री तसेच थांबले. बाजूच्या भिंतीतून दोन कवड्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी बोट लावलं. गिलाव्यावरून तळवा फिरवला. खडा एक लागला नाही.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "माझा कासव हय इला तर."

क्रांतीबाई पुढे आल्या. "दादा, चुकलंच माझं. मला थांबवता आलं असतं. पण देव डब्यावर हुतं ओ."

मेस्त्रींनी पुन्हा एकदा तळवा फिरवला. "किनाऱ्यार काढलंय तर वारो नाय तर भरती, रातभर टिकणा नाय. ह्या पयल्यांदाच टिकतला." आणि पाटावर बसत म्हणाले, "देवळात देवाफुडे कासव असताच. बसवणाऱ्यान् जरा उभा बसवल्यान, इतक्याच."

जेवणं झाल्यावर क्रांतीबाईंनी आपल्यासाठी चहा टाकला. बशीत ओतून, आवाज करत प्यायल्या. हंबीररावांनी तो आवाज ओसरीवर ऐकला, पण ते काही बोलू शकले नाहीत. बोलायचं तर कासव निघून गेलं नाही, मोडलं, असं कबूल करावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खळगा, अंडी आणि हंबीरराव. त्याचं कात्रण काढून ठेवत असतानाच त्यांना पुढच्या वर्षीची कल्पना सुचली. राजस्थान. अंगणात खराखुरा उंट, आठ दिवस आधीपासून. सकाळचीच वेळ होती. आत क्रांतीबाई देवघरासमोर माळ घेऊन बसल्या होत्या. हंबीरराव दारात येऊन उभे राहिले, छताकडे बघून खाकरले आणि म्हणाले, "ते आपलं अंगण हाय न्हवं..."

क्रांतीबाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पण ओल्या भिंतीतून दोन कवड्या सरळ हंबीररावांकडे बघत होत्या. ते थोडे डावीकडे सरकले. कवड्या तिकडेही बघत होत्या. आत माळेचे मणी शांतपणे पुढे सरकत होते. एक माळ संपली, आणि क्रांतीबाईंनी दुसरी सुरू केली.

हंबीररावांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"बरं," ते म्हणाले, "संध्याकाळी बोलू."